विद्यापीठाच्या शहरात व्यक्तिचित्रांचे खुले प्रदर्शन: कोणते काम आधी, कोणते नंतर

महाविद्यालयाचे छायाचित्रण मंडळ, एखादी सामाजिक संस्था किंवा चार-पाच मित्रांचा गट ‘आपल्या शहरातली वेगवेगळी माणसे’ असा विषय घेऊन रस्त्यावर किंवा बागेत व्यक्तिचित्रे लावायचे ठरवतो, तेव्हा बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा लागतो. उत्साहाच्या भरात आधी छायाचित्रे काढून होतात, मग जागेचा शोध सुरू होतो, परवानगीचा अर्ज शेवटच्या आठवड्यात जातो आणि ज्यांचे चेहरे चार फुटी फलकावर चढणार आहेत त्यांना नीट विचारायचे राहूनच जाते. पुढील मार्गदर्शन पुण्याला समोर ठेवून लिहिले आहे. कार्यालयांची नावे सोडली तर नाशिक, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरलाही हाच क्रम लागू पडतो. एकूण कामाला तीन ते चार महिने लागतात. त्याहून कमी वेळ हाती असेल तर खुल्या जागेचा हट्ट सोडून कलादालन घ्यावे, हे बरे.

१. विषय अरुंद करणे

‘विविधता’ हा प्रदर्शनाचा विषय होऊ शकत नाही, कारण त्यात कोणाला घ्यायचे आणि कोणाला सोडायचे हे ठरवण्याची कसोटीच नसते. कसोटी नसली की यादी आपोआप ‘प्रत्येकी एक नग’ या पद्धतीने भरत जाते: एक पारशी, एक तिबेटी, एक आफ्रिकी विद्यार्थी, एक तृतीयपंथी व्यक्ती, एक वासुदेव. अशा यादीतला प्रत्येक माणूस स्वतः न राहता आपल्या समाजाचा नमुना होतो आणि पाहणाराही त्याच्याकडे तसाच पाहतो.

यावर उपाय म्हणजे सर्वांना बांधणारा एक ठोस धागा शोधणे. शिक्षणासाठी पुण्यात येऊन ज्यांना जेमतेम वर्ष झाले आहे अशी माणसे, हा एक धागा होऊ शकतो. त्यात मराठवाड्यातून स्पर्धा परीक्षेसाठी येऊन सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारा मुलगा, मणिपूरहून आलेली पदव्युत्तर विद्यार्थिनी आणि परदेशातून आलेला संशोधक शेजारी-शेजारी येतात आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारता येतो. विद्यापीठ परिसरात रात्री दहानंतर जागे असणारे लोक हा दुसरा धागा. त्यात अभ्यासिकेतली मुले येतात तसे सुरक्षारक्षक, चहावाले आणि वसतिगृहाच्या खानावळीतले आचारीही येतात. विद्यापीठाचे शहर म्हणजे फक्त विद्यार्थी नव्हेत, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही.

संख्या २४ ते ३० पुरे. साठ चेहऱ्यांपुढून माणूस चालत जातो, थांबत नाही.

सावधान: ‘पारंपरिक पोशाखात या’ असा निरोप कोणालाही देऊ नये. रास्ता पेठेतल्या सिनॅगॉगमध्ये जाणाऱ्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबाची मातृभाषा मराठीच असते. त्यांना मुद्दाम परके दिसेल असे सजवणे म्हणजे त्यांच्याविषयी चुकीची माहिती देणे होय. ज्याला जे घालायचे असेल ते त्याने घालावे.

२. जागा आणि तिचा मालक निश्चित करणे

जागा ठरल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये. फलकाचा आकार, चित्र उभे की आडवे, मजकूर किती, हे सारे जागेवरून ठरते. पाहणी करताना सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर अशी तीनदा त्याच ठिकाणी उभे राहावे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या फलकावर संध्याकाळी चकाकी इतकी येते की चेहरा दिसत नाही. शिवाय पुण्यातला संध्याकाळचा वेळ हाच लोकांचा रेंगाळण्याचा वेळ आहे.

त्यानंतर मालक शोधावा. फर्ग्युसन रस्त्याच्या पदपथाचा विचार करायचा तर महापालिकेचा पथ विभाग, संभाजी उद्यानासारख्या बागेसाठी उद्यान विभाग, महाविद्यालयाच्या आवारासाठी त्या संस्थेचे व्यवस्थापन आणि मेट्रो स्थानकासाठी महामेट्रो असे वेगवेगळे दरवाजे ठोठवावे लागतात. कॅम्प आणि खडकीच्या भागांत छावणी परिषदेची (कॅन्टोन्मेंट बोर्डाची) हद्द असते. तिथल्या रस्त्यासाठी महापालिकेकडे अर्ज करून महिनाभर वाट पाहणारे आयोजक कमी नाहीत. हद्दीवरच्या जागेबाबत क्षेत्रीय कार्यालयात जाऊन नकाशावर बोट ठेवून विचारावे.

पदपथ घ्यायचाच असेल तर रुंदी टेपने मोजावी. पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी वाट राहावी, असे इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. चित्र पाहण्यासाठी थांबणारे लोक ही वाट अडवतात, म्हणून प्रत्यक्षात अडीच-तीन मीटर मोकळी जागा लागते. पेठांमधले बहुतेक पदपथ या हिशेबातच बाद होतात.

तपासणी: पहिल्यांदाच खुले प्रदर्शन भरवणाऱ्यांनी कुंपणाच्या आतली, पण रस्त्यावरून सहज शिरता येईल अशी जागा घ्यावी. महाविद्यालयाचे पटांगण किंवा बाग असेल तर रात्री फाटक बंद होते आणि अर्धी काळजी मिटते.

३. तारखा आणि परवानग्या

डिसेंबर ते फेब्रुवारी हा पुण्यातला योग्य काळ. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस आणि वावटळी येतात, विद्यार्थीही गावी गेलेले असतात. जूनपासून पाऊस, मग पालखी, मग गणेशोत्सव, असे करत दिवाळीपर्यंत रस्ता मोकळा नसतो. विद्यापीठाच्या सत्र परीक्षांचे वेळापत्रक आधी पाहावे. निवडणुकीची शक्यता असेल तर तेही ध्यानात घ्यावे, कारण आचारसंहिता लागू झाली की सार्वजनिक जागेतले फलक हटवण्याची मोहीम सुरू होते आणि त्या गर्दीत तुमचा फलक वेगळा ओळखला जाईलच असे नाही.

अर्ज किमान दहा आठवडे आधी द्यावा. सोबत जोडायचे ते असे: जागेचा मोजमापांसह नकाशा, फलकांची संख्या आणि आकार, उभारणी व उतरवणीच्या तारखा, सांगाड्याचे रेखाचित्र, अभियंत्याचा स्थिरतेचा दाखला, जबाबदार व्यक्तींची नावे आणि जागा पूर्ववत करून देण्याची लेखी हमी. मूळ परवानगी हाती आली की तिची प्रत जोडून स्थानिक पोलीस ठाण्याला आणि रस्त्यालगत काम असेल तर वाहतूक शाखेला पत्र द्यावे. उद्‌घाटनाला ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची परवानगी निराळी असते.

प्रायोजकांच्या बाबतीत मोठी चूक होते. फलकावर दुकानाचे किंवा बँकेचे बोधचिन्ह आले की तो फलक जाहिरातीत मोडू शकतो आणि प्रकरण आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे जाते. तिथे शुल्क आणि नियम दोन्ही वेगळे. प्रायोजकांची नावे सुरुवातीच्या एकाच फलकावर लहान अक्षरांत द्यावीत आणि त्या फलकाचा नमुना अर्जासोबतच दाखवावा.

सावधान: खळ लावून भिंतीवर चिकटवलेली चित्रे छान दिसतात, पण सार्वजनिक मालमत्तेवर विनापरवाना काहीही चिकटवणे हा महाराष्ट्रात १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. झाडाला खिळा मारणे, दोर बांधणे हेही टाळावे.

४. संमती: फोटो काढण्यापूर्वी

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘फोटो काढू का?’ या प्रश्नाला मिळालेला होकार हा प्रदर्शनासाठीचा होकार नसतो. माणसाच्या डोळ्यांपुढे मोबाइलमधला फोटो असतो. त्याला गुडलक चौकाजवळचा चार फुटी चेहरा दिसत नसतो. म्हणून भेटीला जाताना जागेचा फोटो आणि फलकाच्या खऱ्या आकाराचा एक कापडी तुकडा सोबत न्यावा आणि तो उलगडून दाखवावा. तो पाहून काही जण तिथेच नाही म्हणतात. तसे व्हावे यासाठीच तो न्यायचा असतो.

संमतिपत्रात एकच सही घेऊन मोकळे होऊ नये. पुढील गोष्टींसाठी स्वतंत्र चौकोन असावेत: रस्त्यावरचे प्रदर्शन, समाजमाध्यमे, वृत्तपत्रांना दिले जाणारे चित्र, पुढे दुसऱ्या गावी भरणारे प्रदर्शन. नाव द्यायचे की नाही, आडनाव द्यायचे की नाही, धर्म, जात, गाव, लैंगिक ओळख यांचा उल्लेख करायचा की नाही, हेही वेगवेगळे विचारावे. एखादी तृतीयपंथी विद्यार्थिनी चेहरा दाखवायला तयार असते, पण गावाचे नाव देऊ इच्छित नाही. एखादा परदेशी विद्यार्थी स्वतःविषयी मोकळेपणाने बोलतो, पण त्याच्या देशातल्या परिस्थितीमुळे छापील शब्द त्याच्या घरच्यांना अडचणीत आणू शकतो. ज्याला आपण अभिमानाची गोष्ट समजतो ती दुसऱ्यासाठी जोखीम असू शकते.

संमतिपत्र त्या व्यक्तीच्या सोयीच्या भाषेत असावे. वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवावे, होकाराचे ध्वनिमुद्रण करावे आणि त्या व्यक्तीने निवडलेला साक्षीदार घ्यावा. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला जातो. अकरावी-बारावीचे विद्यार्थी घ्यायचे असतील तर पालकांची सही हवीच.

दबावाचा विचार फारसा कोणी करत नाही. प्राचार्यांच्या समोर विचारले तर महाविद्यालयाचा पहारेकरी नाही म्हणू शकत नाही, मार्गदर्शक प्राध्यापकांनी सुचवले तर संशोधक विद्यार्थी नाही म्हणू शकत नाही. अशा व्यक्तींना एकटे गाठून, वरिष्ठांना यादी न दाखवता विचारावे आणि उत्तरासाठी आठवडाभर द्यावा.

मानधन द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे, विशेषतः ज्यांचा तासाभराचा रोज बुडतो त्यांना. मात्र विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना पैसे देण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात चौकशी करावी, कारण व्हिसाच्या अटींचा भंग झाला तर भुर्दंड त्या विद्यार्थ्याला पडतो, आयोजकांना नाही.

तपासणी: संमती मागे घेण्याची पद्धत आणि त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक संमतिपत्रावर छापला आहे का? त्याची एक प्रत त्या व्यक्तीकडे राहिली आहे का?

५. छायाचित्रकाराशी करार आणि छायाचित्रण

मित्र फुकट फोटो काढून देणार असला तरी दोन परिच्छेदांचा लेखी करार करावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. मोबदलाच दिला नसेल तर हक्क छायाचित्रकाराकडे राहतो. हक्क लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून दोन्ही गोष्टी लिहाव्यात. छायाचित्रातील व्यक्तीच्या संमतीबाहेर छायाचित्रकारालाही ते चित्र वापरता येणार नाही, ही अट विसरू नये.

प्रत्यक्ष छायाचित्रणाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. सर्वांना एकाच उंचीवरून, म्हणजे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून टिपावे. प्राध्यापकाला खालून आणि सफाई कामगाराला वरून, असे नकळत होते आणि फलक शेजारी लागल्यावर ते लगेच उघडे पडते. प्रकाश शक्यतो एकसारखा, सावलीतला असावा. चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी, कारण चौकटीत कडा कापल्या जातात. गडद वर्णाचा चेहरा उजळ करून छापू नये, हे छायाचित्रकाराला आणि छपाईवाल्याला दोघांनाही बजावून सांगावे. दोन-तीन चांगली चित्रे निवडून त्यातले अंतिम चित्र ज्याचे त्याला निवडू द्यावे.

६. फलकावरचा मजकूर

मजकूर साठ ते ऐंशी शब्दांचा असावा आणि शक्य तेवढा त्या व्यक्तीच्याच बोलण्यातला असावा. ‘संघर्षातून फुललेले आयुष्य’ यासारखी वाक्ये सर्रास खोडावीत. ती कोणाच्याही फोटोखाली चालतात. ‘खानावळीत रोज तीनशे पोळ्या लाटते, रविवारी घरी पोळी करत नाही’ असे वाक्य मात्र दुसऱ्या कोणाच्या फोटोखाली लागणार नाही. अशी वाक्ये मिळवायची तर मुलाखतीत मोठे प्रश्न विचारू नयेत. सकाळी उठल्यावर पहिले काम कोणते, खोलीत कोण कोण राहते, घरी फोन कधी करता, असे विचारावे.

नावांच्या बाबतीत तर हमखास घोटाळा होतो. आपल्या अर्जातले ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ हे रकाने अनेकांना बसत नाहीत. तिबेटी, मिझो किंवा अफगाण व्यक्तींची नावे या साच्यात कोंबली की कोणाचे तरी दुसरे नाव आडनाव बनून छापले जाते. त्या व्यक्तीला स्वतःचे नाव मोबाइलवर बोलायला सांगावे, ते ऐकून देवनागरीत लिहावे आणि मग मराठी वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. मूळ व्यक्तीला ते आपले नाव वाटले, तरच ते बरोबर.

भटक्या-विमुक्त समाजांतील व्यक्तींच्या ओळखीत विशेष काळजी घ्यावी. यांपैकी इंग्रजी राजवटीत ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या शिक्क्यातून मुक्त झाल्या. त्या व्यक्तीने स्वतः विषय काढला नसेल तर तो जुना शब्द तिच्या चेहऱ्याखाली छापण्याचे काहीच कारण नाही.

मजकूर मराठी आणि इंग्रजीत, आणि शक्य असेल तर त्या व्यक्तीच्या भाषेतही द्यावा. तिसऱ्या लिपीत छापताना अक्षरे तुटतात किंवा जागा बदलतात. उर्दू, अरबी आणि तिबेटी मजकूर तर छपाईच्या संगणकावर गेल्यावर हमखास बिघडतो. तो प्रतिमा म्हणून पाठवावा आणि ती लिपी वाचणाऱ्याकडून छापील नमुन्यावर तपासून घ्यावा.

तपासणी: प्रत्येक व्यक्तीने स्वतःच्या फलकाचा अंतिम मसुदा पाहून तारखेसह सही केली आहे का? एकही सही बाकी असताना छपाईला देऊ नये.

७. छपाई

फलक तीन फूट रुंद आणि साडेचार फूट उंच ठेवला तर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र इंचाला सुमारे १११ बिंदू देते. दीड मीटरवरून पाहण्यासाठी तेवढे पुरते. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत मात्र कधीही छपाईला देऊ नये.

नेहमीचा फ्लेक्स स्वस्त पडतो, पण तो सुरकुततो, चकाकतो आणि त्यावरचा चेहरा वाढदिवसाच्या शुभेच्छाफलकासारखा दिसतो. शहरात असे इतके फलक लागतात की लोकांची नजर त्यांवरून आपोआप घसरते. फोमचा सनबोर्ड आठवड्याभराच्या उन्हात वाकतो. पंधरा दिवसांहून अधिक काळ लावायचे असेल तर अॅल्युमिनिअमच्या संमिश्र पत्र्यावर, म्हणजे एसीपीवर, थेट छपाई करून वर मॅट थर घ्यावा. खर्च वाढतो, पण तेच फलक पुढच्या गावीही लावता येतात. खर्च झेपत नसेल तर चित्रांची संख्या कमी करावी, दर्जा नव्हे.

सर्व फलक छापण्याआधी वेगवेगळ्या वर्णाच्या तीन चेहऱ्यांची एक-एक फुटी पट्टी त्याच साहित्यावर, त्याच यंत्रावर छापून घ्यावी आणि ती प्रदर्शनाच्या जागी उन्हात धरून पाहावी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे चांगलेच दिसते. देवनागरी मजकुराचे अक्षर ३० पॉइंट आकाराहून लहान ठेवू नये, नाव त्याच्या दुप्पट असावे.

८. उभारणी

सपाट उभा फलक वारा अडवतो, ही गोष्ट डिसेंबरच्या शांत सकाळी कोणालाच आठवत नाही. ताशी ५४ किलोमीटर वेगाचा झोत तीन बाय साडेचार फुटी फलकावर साधारण १७ ते २० किलो वजनाइतका दाब देतो. फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर आणि सांगाड्याच्या पायाची पुढून मागपर्यंतची लांबी एक मीटर असेल, तर तो आडवा न पडण्यासाठी एकूण वजन ५० ते ६० किलो भरावे लागते. वेग ७२ किलोमीटर झाला की हा आकडा शंभराच्या आसपास जातो. त्यामुळे वाळूची दोन पोती टेकवून भागत नाही. दोन-दोन फलक एकमेकांना काटकोनात किंवा तीन-तीन फलक त्रिकोणात जोडले तर बरेच काम सोपे होते. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये मंगळवार पेठेत जाहिरात फलकाचा सांगाडा कोसळून चार जणांचा जीव गेला होता. तो सांगाडा कितीतरी मोठा होता, पण त्यानंतर अभियंत्याचा दाखला मागणाऱ्या अधिकाऱ्याशी कोणी हुज्जत घालू नये.

मांडववाल्याला बांबू आणि सुतळी वापरायची सवय असते. चौकटीला छिद्रे पाडून बोल्ट लावायचे आहेत, हे त्याला रेखाचित्रासह आधी सांगावे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना वाचता यावे म्हणून मजकूर चित्राखाली न ठेवता बाजूला, जमिनीपासून १०० ते १३० सेंटिमीटर उंचीवर द्यावा. फलकांसमोर पायरी, वायर किंवा सैल पेव्हर ब्लॉक असू नये.

फलकांचा क्रम समाजानुसार लावू नये. ईशान्येकडचे सगळे एका कोपऱ्यात आणि परदेशी सगळे दुसऱ्या कोपऱ्यात, असे झाले तर धागा शोधण्याची सारी मेहनत वाया जाते.

तपासणी: उद्‌घाटनाच्या आदल्या रात्री दोन जणांनी मिळून प्रत्येक सांगाडा जोरात ढकलून पाहावा. हलला तर सकाळची वाट न पाहता तेव्हाच वजन वाढवावे.

९. प्रदर्शनाचे दिवस

ज्यांची चित्रे आहेत त्यांना उद्‌घाटनाच्या एक दिवस आधी, पाहुणे आणि पत्रकार नसताना बोलवावे. पहिल्यांदा स्वतःला तेवढे मोठे पाहणे सर्वांनाच सोपे जात नाही. त्याच वेळी कोणाला माघार घ्यायची असेल तर फलक शांतपणे काढता येतो. रिकाम्या जागेसाठी शीर्षकाचा एक जादा फलक छापून ठेवावा.

रोज सकाळी आणि रात्री एका स्वयंसेवकाने सर्व फलकांचे फोटो काढावेत. फलकावर कोणी काही लिहिले, चेहऱ्याला खरवडले, तर आधी त्या व्यक्तीला कळवावे, मगच समाजमाध्यमांवर काही लिहायचे ते लिहावे. निषेधाच्या घाईत विद्रूप केलेला चेहरा जगभर फिरवणे हा त्या माणसाला दुसऱ्यांदा दिलेला त्रास आहे. अशा प्रसंगासाठी पोलीस ठाण्याचा क्रमांक, परवानगीची प्रत आणि दोन-तीन फलकांचे पुन्हा छापण्याजोगे दस्तऐवज हाताशी ठेवावेत. पत्रकारांना थेट कोणाचा दूरध्वनी क्रमांक देऊ नये. विचारून मग जोडून द्यावे.

१०. उतरवणी

परवानगीतल्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी जागा रिकामी झालेली असावी, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे. फलक कोणाला हवे आहेत हे आधीच विचारून घ्यावे. वसतिगृहाच्या खोलीत साडेचार फुटी पत्रा मावत नाही, त्यामुळे अनेक जण लहान छापील प्रत मागतात आणि ती सर्वांसाठी आधीच छापून ठेवणे सोयीचे पडते. जे फलक कोणी नेणार नाही ते भंगारात चेहऱ्यासकट जाऊ नयेत. वरचा थर काढून किंवा कापूनच द्यावेत. संमतिपत्रांच्या प्रती कुलूपबंद ठेवाव्यात, ज्यांनी पुढच्या वापराला नकार दिला आहे त्यांच्या मूळ प्रतिमा सर्व संगणकांवरून पुसाव्यात आणि तसे त्यांना लेखी कळवावे. जागेचे उभारणीपूर्वीचे व नंतरचे फोटो जोडून अनामत रकमेच्या परताव्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.